गणिताची पायरी आणि विद्यार्थ्याची कुवत
गृहशिक्षणातील अभ्यासक्रमाच्या निवडीचा एक ऐतिहासिक विचार

घरी शिकणाऱ्या मुलास कोणते गणित शिकवावे, किती शिकवावे आणि एकाच घरातील दोन मुलांची कुवत भिन्न असल्यास दोघांस एकच अभ्यासक्रम लावावा की निरनिराळा, हा प्रश्न अलीकडच्या काळात नव्याने विचारला जाऊ लागला आहे. शाळेत न जाता घरीच अध्ययन करणाऱ्या मुलांचे पालक आज मुक्त विद्यालयांचे अभ्यासक्रम, राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके व परदेशी ग्रंथमाला यांची तुलना करीत असतात, आणि त्यामुळे हा प्रश्न सर्वस्वी आधुनिक आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहिल्यास नवी गोष्ट गृहशिक्षण ही नसून शाळा ही आहे. इयत्ता, वेळापत्रक, छापील क्रमिक पुस्तक आणि वार्षिक परीक्षा या चौकटीत बसविलेले गणित नागपूर प्रांतात येऊन अद्याप दोन शतकेही पुरी झालेली नाहीत. तत्पूर्वी गणित हे पंतोजीच्या ओसरीवर, दुकानाच्या गादीवर आणि सांजवातीच्या उजेडात शिकले जात होते. आणि कोणास किती शिकवावयाचे याचा निर्णय कोणीतरी, कोणत्यातरी कसोटीवर, तेव्हाही करीतच होते.

या निर्णयाचा इतिहास तपासताना दोन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवणे अवश्य आहे. पहिली गोष्ट गतीची. एखादा विद्यार्थी एक पायरी चढण्यास किती वेळ घेतो, हा तिचा विषय होय. दुसरी गोष्ट मर्यादेची. त्या विद्यार्थ्यास अखेरीस कोणत्या पायरीपर्यंत जाऊ द्यावयाचे, हे तीत ठरते. गतीतील भेद हा विद्यार्थ्याच्या ठिकाणी असतो. मर्यादा मात्र बहुधा दुसऱ्याने घातलेली असते. महाराष्ट्रातील गणितशिक्षणाच्या इतिहासात या दोन गोष्टींची वारंवार गल्लत झालेली दिसते, आणि ज्यास 'कुवत' म्हटले गेले तो पुष्कळदा केवळ 'दर्जा' होता असे आढळून येते. या गल्लतीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पंतोजींची शाळा आणि परवचा

इंग्रजी अंमलापूर्वीच्या व त्याच्या आरंभीच्या काळातील मराठी शाळा म्हणजे एक शिक्षक आणि त्याच्याभोवती जमलेली काही मुले. एलफिन्स्टनच्या कारकिर्दीपासून मुंबई इलाख्यातील देशी शिक्षणाची जी पाहणी झाली, तिच्या आधारे १८२९ साली इलाख्यात १,७०५ शाळा व सुमारे ३५ हजार विद्यार्थी होते असे नमूद झाले आहे. ही कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकर यांनी संपादून प्रसिद्ध केली. या आकड्यांचा भागाकार केला असता दर शाळेमागे सरासरी वीस मुले येतात. गणिताच्या अध्यापनपद्धतीच्या दृष्टीने हा वीसचा आकडा महत्त्वाचा आहे. कारण वीस मुलांचा एक वर्ग करण्याची गरज नसते, त्यांना वीस पायऱ्यांवर उभे करता येते.

आणि पंतोजी तसेच करीत असे. धूळपाटीवर अंक गिरविणारे मूल, पाढे घोकणारे मूल आणि व्याजाचा हिशेब मांडणारा मुलगा हे एकाच ओसरीवर, एकाच वेळी बसत. मूल शाळेत केव्हाही दाखल होई आणि केव्हाही शाळा सोडी. पुढे गेलेला मुलगा मागच्यास सांगे. एक पाढा पक्का झाल्यावाचून दुसरा दिला जात नसे. मूल मंद असेल तर ते त्याच पाढ्यावर महिनाभर राही, चलाख असेल तर आठवड्यात पुढे जाई. परंतु 'नापास' ही कल्पना या व्यवस्थेत नव्हती, कारण ज्याच्या मागे पडावयाचे असा वर्गच नव्हता.

या गणिताचा क्रम मात्र निश्चित होता. आधी अंक, नंतर पाढे, नंतर अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. त्यापुढे मोठी कोष्टके, आणि अखेर व्यवहारी हिशेब व मोडी लेखन. अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेणे म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, असा आक्षेप पुढील काळात वारंवार घेतला गेला, आणि पंतोजीची छडी ध्यानात घेता त्यात तथ्यही आहे. तथापि, ज्या व्यवहारासाठी हे पाढे होते त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, मणाचे शेर चाळीस. नागपूर भागात धान्य पायली, कुडो आणि खंडी यांनी मोजले जाई. ही सर्व मापे दोन व चार यांनी भागण्यास सोयीची होती. सव्वा रुपया दराच्या सात वस्तूंची किंमत सवायकी येणाऱ्या मुलास मांडावी लागत नसे. 'सात सवे पावणेनऊ' हे तोंडी येई. दर पाऊण रुपया असेल तर सव्वापाच, दीड असेल तर साडेदहा, साडेतीन असेल तर औटकीने साडेचोवीस. सारांश, हे पाढे त्या काळच्या नाण्याचे व मापाचे व्याकरण होते.

या शाळेस घराची जोड होती. दिवेलागणीस मुलांना ओळीने बसवून पाढे, तिथी, वार, नक्षत्रे व श्लोक म्हणवून घेण्याची जी परवचा नावाची चाल होती, ती घरगुती गणिताची खरी शाळा म्हणावयास हरकत नाही. तीत धाकटे मूल मोठ्याचे ऐकत ऐकत स्वतःच्या इयत्तेच्या पलीकडचे पाढे उचली. ज्या मुलीस पंतोजीची ओसरी बंद होती, तिच्याही कानावर ते पडतच.

येथेच या व्यवस्थेतील दोष स्पष्ट होतो. गतीच्या बाबतीत पंतोजीची शाळा जितकी उदार होती, तितकीच मर्यादेच्या बाबतीत ती कठोर होती. मुलींना व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना या शाळेत जागा नव्हती. ज्यांना होती त्यांचाही शेवटचा धडा बापाच्या धंद्याने ठरविलेला असे. दुकानदाराचा मुलगा व्याज व जमाखर्चापर्यंत जाई, कुळकर्ण्याचा मुलगा मोडी दफ्तर व सारावसुलीच्या हिशेबापर्यंत जाई, शेतकऱ्याचा मुलगा आला तर काही पाढे शिकून शेतावर परत जाई. ज्योतिषगणिताकडे जाणारी वाट शास्त्र्याच्या घरातून निघे, पंतोजीच्या ओसरीवरून नव्हे. प्रत्येकास आपल्या चालीने चालण्याची मुभा होती, परंतु रस्ता कोठे संपतो हे जन्मतःच ठरलेले होते.

खात्याचे गणित: मर्यादा उठली, गती बांधली गेली

नागपूरच्या भोसल्यांचे राज्य तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर, म्हणजे डिसेंबर १८५३ नंतर, खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांताची रचना झाली आणि पुढील वर्षी प्रांताचे शिक्षणखाते उभे राहिले. त्यापूर्वी १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरास येऊन पोहोचले होते, व त्यांच्या शाळेच्या द्वारे पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण या नगरीत सुरू झाले होते. मुंबई इलाख्यात हे परिवर्तन त्याहून आधी घडले. १८२० नंतरच्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्विस याने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने हटनच्या इंग्रजी ग्रंथांच्या आधारे मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली, आणि अंकगणिताबरोबर भूमिती व बीजगणित हे विषय प्रथमच मराठी छापील पुस्तकात आले.

या घटनेचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. पुस्तक छापले गेले म्हणजे त्याचा शेवटचा धडा सर्वांसमोर उघडा होतो. पंतोजी आपल्या विद्यार्थ्यास व्याजापाशी थांबवू शकत होता. छापील पुस्तक कोणास थांबवीत नाही. शाळा सरकारी झाल्यावर तीत कोणी बसावे हा प्रश्न निदान तत्त्वतः तरी सार्वजनिक हक्काचा प्रश्न बनला. प्रत्यक्षात जातीची व लिंगाची बंधने दीर्घकाळ टिकून राहिली. परंतु ती आता अभ्यासक्रमात लिहिलेली नव्हती, आणि म्हणून त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्यास जागा निर्माण झाली.

याची किंमत गतीच्या रूपाने द्यावी लागली. वर्षाच्या आरंभी एका वयाची मुले एका खोलीत बसवावयाची, वर्षभर एक पुस्तक चालवावयाचे, आणि वर्षाअखेर इन्स्पेक्टराने येऊन परीक्षा घ्यावयाची, ही रचना गणितास इतर विषयांपेक्षा अधिक जाचक ठरते. इतिहासातील एक प्रकरण न समजले तरी दुसरे समजू शकते. भागाकार न समजलेल्या मुलास अपूर्णांक समजत नाही, व अपूर्णांक न समजलेल्यास त्रैराशिक समजत नाही. मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान अवलंबून ठेवण्याची पद्धत पुढे रूढ झाली, तेव्हा मागे पडलेले मूल हे शिक्षकाच्या दृष्टीने आर्थिक नुकसान ठरू लागले. 'ढ' हा शब्द मराठी शाळेत ज्या अर्थाने नांदू लागला तो अर्थ इयत्तेवाचून संभवत नाही.

या दोन व्यवस्थांमधील अंतर ज्यांनी नेमके हेरले त्यांत जोतीराव फुले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान इत्यादी विषयांचा समावेश सुचविला. खेड्यांतील शाळांचे विषय मोठ्या गावांतील शाळांपेक्षा संख्येने कमी असले तरी चालतील, पण ते कमी उपयुक्त असू नयेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. विषयांची संख्या कमी करणे आणि विद्यार्थ्याचा दर्जा कमी करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाण त्या निवेदनात आहे. नंतरच्या अनेक अभ्यासक्रम-समित्यांना ती राखता आलेली नाही.

घर हे मर्यादा ओलांडण्याचे साधन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गृहशिक्षणास महाराष्ट्रात एक नवाच अर्थ प्राप्त झाला. ज्यांना शाळेत जागा नव्हती, किंवा असूनही जाता येत नव्हते, त्यांचे शिक्षण घरात झाले. सावित्रीबाई फुले यांना जोतीरावांनी स्वतः शिकविले, आणि पुढील शिक्षण सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर यांच्याकडे झाले. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली झाला, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्या अध्ययनास तेव्हापासूनच हात घातला. त्या शिक्षणास घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा किती विरोध होता हे रमाबाईंच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींवरून सर्वांस ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी यांना गोपाळरावांनी शिकविले, आणि १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फिया येथे वैद्यकाच्या पदवीधर झाल्या. लष्करी शाळेत शिक्षक असलेले रामजी सकपाळ निवृत्तीनंतर आपल्या मुलांचा अभ्यास घरी स्वतः घेत. त्या मुलांतील धाकटे भीमराव होत. शाळेने ज्या मुलास वर्गाबाहेर किंवा कोपऱ्यात बसविले, त्याची पायरी घराने खाली येऊ दिली नाही.

या सर्व उदाहरणांत एक साम्य आहे. शिष्याची कुवत किती हे समाजाने आधीच ठरवून टाकलेले होते. शिकविणाऱ्याने तो निर्णय मानला नाही. शिष्यास अवश्य तेवढा वेळ मिळाला आणि पुढील मर्यादा खुली राहिली. पंतोजीच्या शाळेतील गतीची मोकळीक व खात्याच्या शाळेतील मर्यादेची मोकळीक या दोहोंचा संगम येथे झालेला दिसतो. परंतु या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शिकविणारा एकच, आणि तोही पती किंवा पिता. त्याने शिकविले तर शिकावयाचे, थांबविले तर थांबावयाचे. गोपाळरावांच्या अध्यापनातील कठोरपणा सर्वश्रुत आहे. ज्या शेकडो घरांत पतीने दोन धड्यांनंतर पुस्तक मिटले, त्या घरांतील आठवणी कोणी लिहिल्या नाहीत. गृहशिक्षणाचा इतिहास यशस्वी झालेल्यांच्या आत्मकथनांतूनच हाती येतो, हे भान ठेवूनच त्याचे मूल्यमापन केले पाहिजे.

याच सुमारास स्त्रियांच्या अभ्यासक्रमाचा प्रश्न सार्वजनिक वादाचा विषय झाला. १८८४ मध्ये पुण्यास मुलींची हायस्कूल, म्हणजे पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झालेली शाळा, स्थापन झाली. मुलांप्रमाणेच मुलींस शिकवावे की निराळे शिकवावे, यावर १८८७ साली टिळकांनी 'मराठा' पत्रातून त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली व स्त्रीजीवनास अनुरूप असा वेगळा क्रम असावा असे प्रतिपादिले. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांच्या गरजांना जुळणारे विषय ही त्याची वैशिष्ट्ये होती. दोघांच्या भूमिकांत महदंतर आहे. एकास प्रसार मर्यादित ठेवावयाचा होता, दुसऱ्यास तो वाढवावयाचा होता. तथापि 'अनुरूप अभ्यासक्रम' हा शब्दप्रयोग दोन्हीकडे समान आहे, आणि तो एकाच वेळी दार उघडण्यासाठी व बंद करण्यासाठी वापरता येतो हे त्यावरून सिद्ध होते.

नागपुरात १९२३ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि १९२७ मध्ये रमाबाई तांबे यांनी सेवासदनाचा पाया घातला. शिक्षणाचे वय उलटून गेलेल्या स्त्रीचा अभ्यासक्रम कसा ठरवावा, हा प्रश्न अशा संस्थांपुढे सहजच उभा राहतो. चूल सांभाळणाऱ्या प्रौढ स्त्रीस दूध, किराणा व भाडे यांचा हिशेब तोंडी येत असे, पण कागदावरील भागाकार येत नसे. तिला पहिलीत बसवावे की चौथीत? इयत्तेच्या भाषेत या प्रश्नास उत्तर नाही. कारण तिची कुवत एका पायरीवर नसून निरनिराळ्या कौशल्यांत निरनिराळ्या पायऱ्यांवर आहे. घरी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची स्थिती थोड्याफार फरकाने हीच असते. अशा विद्यार्थ्यास क्रमाने उदाहरणे देणाऱ्या पुस्तकाचा मोठा आधार होता. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १८९६ साली प्रसिद्ध झालेले अंकगणित पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्याचे कारण केवळ शाळांची मान्यता एवढेच मानणे पुरेसे होणार नाही.

वर्ध्याचा प्रयोग

नागपूरपासून जवळच असलेल्या वर्ध्यास २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपला अहवाल सादर केला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात वर्षांचा, उद्योगाभोवती गुंफलेला हा अभ्यासक्रम पुढे 'नई तालीम' म्हणून प्रसिद्ध पावला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारातील शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी त्याच सुमारास विद्यामंदिर योजना आखली, आणि हिंदुस्तानी तालीमी संघाचे केंद्र सेवाग्राम हे झाले. गणिताच्या अभ्यासक्रमाचा एवढा मूलगामी फेरविचार या भूमीत त्यापूर्वी झालेला नव्हता.

या योजनेत गणिताचे उदाहरण पुस्तकातून न येता हातातून येते. सूतकताईचे माप पाहावे. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तार. सात वर्षांचे मूल टकळीवरील तार मोजते. ते मोजणे झाले. त्याहून मोठे मूल ६४० तारांचे २,५६० फूट करते व त्यांचे ८५३ यार्ड आणि एक फूट काढते. तो गुणाकार व भागाकार झाला. त्यापुढील मूल गुंडी तोलते. ती दोन तोळ्यांची भरली तर एका रत्तलात अशा किती गुंड्या बसतील हे काढून ते सूत सुमारे वीस नंबरचे आहे असे ठरविते. ते प्रमाण झाले. एकाच ओसरीवर, एकाच कामात, तीन कुवतींची तीन मुले आपापले गणित करीत आहेत. ज्ञानाचा विषय बदलला तरी हे चित्र पंतोजीच्या ओसरीचेच आहे, आणि तीत आता मुलगी व हरिजन मूल यांनाही जागा आहे. गतीचा व प्रवेशाचा असे दोन्ही प्रश्न वर्ध्याने एकत्र सोडविले, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय.

परंतु मर्यादेचा प्रश्न तिसऱ्याच रूपाने पुन्हा उभा राहिला. अहवालातील वेळापत्रकात मूलोद्योगास दररोज ३ तास २० मिनिटे दिलेली होती. संगीत, चित्रकला व गणित या तिहींस मिळून ४० मिनिटे होती. उद्योगातून जे गणित निघेल ते भरपूर मिळावयाचे, हे उघड आहे. पण उद्योगातून न निघणारे गणित कोठून यावे? सुतातून प्रमाण निघते, शेताच्या वाफ्यातून क्षेत्रफळ निघते, जमाखर्चातून व्याज निघते. वर्गसमीकरण सुतातून निघत नाही, आणि भूमितीतील सिद्धता तर कोणत्याच उद्योगास लागत नाही. ज्या मुलाची जिज्ञासा उपयोगापलीकडे जाते, त्याच्यासाठी पुढील पायरी कोणी बांधावी याचे उत्तर योजनेत अपुरे राहिले. शहरातील सुस्थित पालकांनी आपली मुले जुन्याच शाळांत ठेवली व बुनियादी शाळा खेड्यातील मुलांच्या वाट्यास आल्या, तेव्हा लोकांनी या योजनेकडे संशयाने पाहिले; कारण 'अनुरूप अभ्यासक्रम' म्हणजे 'खालचा अभ्यासक्रम' हा अनुभव त्यांच्या स्मरणात ताजा होता. गांधीजींनी स्वतः दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांस घरी व आश्रमात शिकविले होते, आणि त्यांच्या पुस्तकी शिक्षणात उणीव राहिल्याची मुलांची तक्रार त्यांनी आत्मकथेत प्रांजळपणे नमूद केली आहे. गृहशिक्षकाच्या ध्येयाची किंमत शिष्यास मोजावी लागू शकते, याचे हे थोर व्यक्तीच्या चरित्रातील उदाहरण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ: एक गणित आणि अनेक दारे

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली आणि पुढील काही वर्षांत मेट्रिक मापे रूढ झाली. आणे, शेर व मण गेले आणि त्यांबरोबर पावकी-निमकीचा व्यावहारिक आधारही गेला. शतकानुशतके घराने जे गणित मुलास दिले होते, ते एका पिढीत कालबाह्य झाले. आजीस येणारे गणित नातवाच्या पुस्तकात नाही आणि नातवाच्या पुस्तकातील दशांश आजीस परके, अशी स्थिती आली. घर व शाळा यांमधील गणिताचा दुवा तुटण्यास शाळेपेक्षाही हा चलनबदल अधिक कारणीभूत झाला असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

याच दशकांत मर्यादेच्या प्रश्नावर देशाने एक स्पष्ट भूमिका घेतली. मुलगे व मुली यांचे अभ्यासक्रम भिन्न असावेत काय याचा विचार हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केला व अशा भेदास नकार दिला. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांस अनिवार्य असावे अशी शिफारस केली. सर्वांस एकच गणित, हे तत्त्व समतेचे आहे. परंतु सर्वांस एकाच वेगाने एकच गणित, असा त्याचा व्यवहारात अर्थ झाला, आणि शालान्त परीक्षेत गणितात अनुत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांचे दुःख हा प्रत्येक घराच्या परिचयाचा विषय बनला.

त्यावर काढलेले उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला, परीक्षेची पातळी दुहेरी करण्याचा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या 'प्रमाण' व 'मूलभूत' अशा दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या; अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तक दोहोंस एकच, प्रश्नांची काठिण्यपातळी भिन्न. दुसरा उपाय मुक्त शिक्षणाचा. १९८९ साली स्थापन झालेले राष्ट्रीय मुक्त विद्यालय, ज्यास पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे नाव मिळाले, त्याने प्राथमिक स्तरावर तिसरी, पाचवी व आठवी यांस समकक्ष अशा तीन पायऱ्या ठेवल्या, आणि माध्यमिक स्तरावर विषयांची निवड विद्यार्थ्यावर सोपविली. तेथे गणित घेतल्यावाचूनही माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण होता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. तेव्हा घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास प्रमाणपत्राचे दार बहुधा हेच राहते. अशा रीतीने, जो निर्णय पंतोजीकडून खात्याकडे गेला होता तो फिरून घराकडे आला आहे.

इतिहासाच्या कसोट्या

निर्णय घराकडे आला म्हणजे त्याची जबाबदारीही घराकडे आली. वर वर्णिलेल्या दोनशे वर्षांच्या अनुभवातून अभ्यासक्रम पारखण्याच्या तीन कसोट्या निघतात.

पहिली कसोटी अशी की, मंद चालणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अभ्यासक्रम गती कमी करतो की मर्यादा? एकाच घरात दहा वर्षांची दोन मुले असून एक अपूर्णांकात रमले आहे व दुसरे अद्याप भागाकारात अडखळते, अशी कल्पना करावी. दुसऱ्यास भागाकारावर आणखी सहा महिने देणारा क्रम हा परवचेच्या परंपरेतला होय. त्यास अपूर्णांकच नको म्हणणारा क्रम हा 'शेतकऱ्याच्या मुलास एवढेच पुरे' या परंपरेतला होय. पहिला क्रम निवडणारे घर वेळ खर्च करते. दुसरा निवडणारे घर मुलाचे भवितव्य खर्च करते.

दुसरी कसोटी परतीच्या वाटेची. दहावीस गणित सोडणाऱ्यास पुढे अभियांत्रिकी, संख्याशास्त्र अशा शाखा दुरावतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने भीतीपोटी घेतलेला किंवा पालकाने दयेपोटी घेतलेला निर्णय पुढे फिरविता येईल अशी सोय अभ्यासक्रमात आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे. मूलभूत पातळीवरून प्रमाण पातळीवर येण्यासाठी पूल असेल, तर ती पातळी म्हणजे पायरी. पूल नसेल तर ती भिंत.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे, कारण ती अभ्यासक्रमाची नसून तो निवडणाऱ्याची आहे. कुवत कोणी ठरविली, कशावरून ठरविली आणि किती वेळा पुन्हा तपासली? ज्या समाजाने सावित्रीबाईंची व भीमरावांची कुवत त्यांच्या जन्मावरून ठरविली होती, त्याने ती एकदाही तपासून पाहिली नव्हती. आजचा पालक जातीवरून निर्णय करणार नाही. परंतु 'मुलीस एवढे गणित कशाला' हे वाक्य अद्याप नामशेष झालेले नाही, आणि 'याच्या डोक्यात गणित नाही' हे तर प्रत्येक घरात उच्चारले जाते. दुसऱ्या वाक्यातील 'डोके' हे पहिल्या वाक्यातील 'जन्मा'चेच सौम्य रूप नाही ना, अशी शंका इतिहासाचा अभ्यासक उपस्थित केल्यावाचून राहणार नाही. भागाकारात अडखळणाऱ्या मुलाच्या अडचणीचे मूळ कदाचित पाढ्यात असेल, कदाचित भाषेत असेल, कदाचित शिकविणाऱ्याच्या घाईत असेल. ते शोधण्यापूर्वी निवडलेला सोपा अभ्यासक्रम हा रोग न पाहता दिलेल्या औषधासारखा होय.

पंतोजीच्या ओसरीने गती दिली व मर्यादा घातली. खात्याच्या शाळेने मर्यादा उठविली व गती हिरावून घेतली. वर्ध्याने दोन्ही देण्याचा प्रयत्न केला, पण उपयोगाचे कुंपण ठेवले. घरातील शिक्षणाने काही थोड्यांस दोन्ही दिले, पण ते शिकविणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून ठेवून. यांपैकी कोणतीही व्यवस्था जशीच्या तशी परत आणण्याजोगी नाही. तथापि सातापुढील पाढा न येणाऱ्या मुलास आज सातच म्हणू द्यावा आणि तिसापर्यंतचे पाढे आहेत हे त्यास रोज ऐकू यावे, एवढी गोष्ट दिवेलागणीच्या परवचेत होती. अभ्यासक्रम कोणताही निवडला तरी घरी शिकणाऱ्या मुलास निदान तितके मिळाले पाहिजे.